पायही गेला, क्लचही गेला. मग अडतंय कुठे?

आपल्या देशात बिनगिअरची स्कूटर चालवायला वेगळं लायसन मिळतं. बिनगिअरचा ट्रक चालवायला मिळत नाही. खरं तर एवढ्यावरच लेख संपायला हरकत नाही. पण मग तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? त्यात काय ते सांगतो.

आमच्या वरळी कोळीवाड्यात माझ्या शेजारी एक दादा राहतो. वीसेक वर्षं त्याने ट्रक चालवला. ससून डॉकवरून बर्फातली मासळी भरायची, रात्रभर कोकणात किंवा गोव्याकडे गाडी हाणायची, परत येताना मिळेल तो माल. एका रात्री महामार्गाच्या कडेला टायर बदलताना मागून आलेल्या गाडीने त्याला उडवलं. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वाईट झालं, पण त्याबद्दल मला इथे रडगाणं गायचं नाही. जखम भरली, कृत्रिम पाय बसला, दादा चालायला लागला. गोल्फादेवीच्या जत्रेत गर्दीतून वाट काढत गेला. आता त्याला परत ट्रक चालवायचाय.

त्याचा जुना मालक चांगला माणूस. त्याने नवीन गाडी घेतली ती ऑटोमॅटिक गिअरची. तो म्हणाला, "मला काय प्रॉब्लेम नाही रे. पण कागद घेऊन ये." त्या कागदापायी मी दादाबरोबर किती खेटे घातले आणि कायद्याची किती पानं वाचली ते आता सांगत नाही. जे कळलं ते सांगतो.

आधी साधा प्रश्न. ट्रक चालवताना डाव्या पायाचं काम काय? क्लच दाबणं. बस्स. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाचे. ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पॅडलच नसतं. मालट्रकमध्ये एएमटी म्हणून जो प्रकार येतो त्यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम यंत्र करतं. ड्रायव्हरसमोर दोन पॅडल. इलेक्ट्रिक गाडीत तर बहुतेक वेळा बदलायला गिअरच नसतात. हे काही परदेशातलं कौतुक राहिलेलं नाही. टाटा, भारतबेंझसारख्या कंपन्या एएमटीचे अवजड ट्रक इथे विकतात. छोटा हत्ती म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या टाटा एसची इलेक्ट्रिक आवृत्ती २०२२ मध्ये आली. बेस्टची इलेक्ट्रिक डबलडेकर फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईत धावतेय. म्हणजे डाव्या पायाची नोकरी गाडीनेच काढून घेतली. दोन पायांचा ड्रायव्हरही त्या गाडीत डावा पाय बाजूला ठेवूनच बसतो.

मग दादा आणि तो दोन पायांचा ड्रायव्हर यांच्यात त्या केबिनमध्ये फरक काय? माझ्या मते काही नाही. कायद्याच्या मते जमीन-अस्मानाचा.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १० मध्ये लायसनचे वर्ग दिलेत. बिनगिअरची मोटरसायकल, गिअरची मोटरसायकल, हलकं मोटार वाहन, परिवहन वाहन, रोडरोलर वगैरे. त्यात एक वर्ग पूर्वी होता 'इन्व्हॅलिड कॅरेज'. शब्द बघा. इन्व्हॅलिड! २०१९ च्या दुरुस्तीत तो शब्द काढला आणि 'अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल' असा नवा शब्द घातला. अपंग माणसासाठी खास बनवलेली किंवा फेरफार केलेली गाडी. चांगलं झालं. पण व्याख्येचं शेपूट जुन्या कायद्यातलंच ठेवलं. ते शेपूट असं की अशी गाडी 'केवळ त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठीच' वापरलेली असली पाहिजे.

हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. म्हणजे दादाने स्वतःसाठी मार्केटात जावं, देवदर्शनाला जावं, बायकोमुलांना घेऊन अलिबागला जावं, कायदा त्याच्या पाठीशी आहे. पण दुसऱ्याची दहा टन मासळी घेऊन रत्नागिरीहून मुंबईला यावं म्हटलं की ती गाडी 'त्याच्यासाठी' राहत नाही. कायद्याला अपंग माणूस ठाऊक आहे तो गाडीचा मालक म्हणून. गाडीवर पोट भरणारा कामगार म्हणून तो कायद्याच्या स्वप्नातही आलेला नाही. अपंगांसाठी जीएसटीत अनेक वर्षं कारवर सवलतीचा दर होता, तोही कारवरच. म्हणजे ज्याला कार परवडते त्याला सवलत, आणि ज्याला टेम्पोवर चार पैसे कमवायचेत त्याला ठेंगा.

आणि असं नाही की आपल्याकडे हात-पाय नसलेल्यांना लायसन मिळतच नाही. इंदूरच्या विक्रम अग्निहोत्री यांना दोन्ही हात नाहीत. ते पायाने ऑटोमॅटिक कार चालवतात, त्यांना २०१६ मध्ये लायसन मिळालं. केरळच्या जिलुमोल थॉमस जन्मापासून हातांशिवाय आहेत, त्यांना डिसेंबर २०२३ मध्ये मिळालं. दोघांनाही त्यासाठी भांडावं लागलं आणि दोघांचंही मला मनापासून कौतुक आहे. पण या बातम्या आपण कशा वाचतो? जिद्द, प्रेरणा, डोळ्यात पाणी. फॉरवर्ड करतो आणि चहा पितो. पायाने स्टिअरिंग फिरवणाऱ्या माणसावर राज्य विश्वास ठेवतं, पण दोन्ही हात, उजवा पाय आणि वीस वर्षांचा अनुभव शाबूत असलेल्या ट्रकड्रायव्हरवर ठेवत नाही. का? तर त्याला प्रेरणा व्हायचं नाहीये, त्याला भाडं मारायचंय.

आता नुकसानभरपाईची गंमत बघा. गंमत म्हणजे रडू येईल अशी. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. त्याच्या परिशिष्टात कुठला अवयव कुठून कापला म्हणजे कमाईची ताकद किती टक्के गेली याचं कोष्टक होतं. सेंटिमीटरमध्ये! पण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगितलं की नुसतं कोष्टक बघू नका, माणसाचा धंदा बघा. १९७६ च्या प्रताप नारायण सिंग देव खटल्यात डावा हात गेलेल्या सुताराची कमाईची ताकद शंभर टक्के गेली असं न्यायालयाने मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. २००८ मध्ये के. जनार्दन यांचा खटला आला. हे टँकरचे ड्रायव्हर, अपघातात उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. उच्च न्यायालयाने पासष्ट टक्के धरले होते, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा शंभर टक्के केले. कारण उघड आहे, ड्रायव्हरला पाय नाही म्हणजे ड्रायव्हिंग नाही.

हे निकाल माणुसकीचे आहेत. ते पैसे मिळालेच पाहिजेत, त्यात एक रुपया कमी होता कामा नये. पण त्या शंभर टक्क्यांचा अर्थ काय होतो तेही बघा. ड्रायव्हर म्हणून हा माणूस संपला असं सगळ्यांनी मिळून मान्य केलं. वकिलाने, विमा कंपनीने, कोर्टाने. पैशाचा हिशोब झाला, फाइल बंद. पाय गेल्याबद्दल किती द्यायचे यावर आपल्याकडे शंभर वर्षांपासून कायदा आहे. त्याला परत गाडीवर कसं बसवायचं यावर एक ओळ नाही. २००८ मध्ये ऑटोमॅटिक ट्रक इथे दिसत नव्हते, तेव्हा कोर्ट दुसरं काय म्हणणार? आज दिसतात. तरी आपण तिथेच.

सरकारी नोकर असता तर दादाचं थोडं बरं झालं असतं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणसाला काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं. १९९५ च्या कायद्यात ही तरतूद होती आणि २००३ मध्ये कुणाल सिंग या पाय गमावलेल्या जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती ठणकावून सांगितली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती कलम २० मध्ये आली. पण ती सरकारी आस्थापनांना. एका-दोन गाड्यांच्या मालकाकडे रोजावर असणाऱ्या ड्रायव्हरला कसलं कलम आणि कसलं काय. आणि सरकारी ड्रायव्हरलाही ते काय देतात? दुसरं काम. टेबल, खुर्ची, रजिस्टर. स्टिअरिंग कोणीच परत देत नाही.

दादालाही सगळे दुसरंच काम सुचवतात. मुंबईत एके काळी अपंग माणूस दिसला की पीसीओचा बूथ, असं समीकरणच होतं. मोबाइल आले आणि त्या बूथमध्ये वेफर्स आणि गुटखा लटकू लागला. आता म्हणतात, गाळा टाक, वॉचमन हो. वॉचमन व्हायला कमीपणा नाही. पण ज्या माणसाला कशेडीचा घाट अंधारात पाठ आहे, भरलेली गाडी उतारावर कुठल्या गिअरला सोडायची हे ज्याला झोपेत विचारलं तरी सांगता येतं, त्याला गेट उघडायला बसवणं हा शहाणपणा आहे का? ट्रकमालक एका बाजूला रडतात की चांगले ड्रायव्हर मिळत नाहीत, आणि दुसऱ्या बाजूला तयार ड्रायव्हर घरी बसून जाळी विणतोय.

आमच्या कोळीवाड्यात समुद्रावर हा प्रश्न असा विचारत नाहीत. जाळ्याच्या दोरात, विंचमध्ये बोटं गेलेली माणसं इथे शोधावी लागत नाहीत. होडीवर तांडेल कोण, हे ठरवताना कुणी बोटं मोजत बसत नाही. वाऱ्यात होडी सुखरूप बंदरात आणतो की नाही, एवढंच बघतात. आणता येत नसेल तर गपचूप दुसऱ्याच्या हाती सुकाणू देतात, त्यात कुणाला राग नाही. मला रस्त्यावरही एवढंच हवंय. दयामाया नको, चाचणी घ्या.

आता तुमचा आक्षेप. तुम्ही म्हणाल, रस्त्यावर आमची पोरंबाळं असतात, उद्या याच्या हातून काही झालं तर? रास्त प्रश्न आहे, टाळणार नाही.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्याला बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. किमान सात माणसं गेली. त्यानंतर पहिला प्रश्न कुठला आला? ज्याला आयुष्यभर गिअरच्या गाडीची सवय, त्याला ऑटोमॅटिक गाडीचं प्रशिक्षण पुरेसं दिलं होतं का. कोर्टाला काय ठरवायचं ते ठरवू दे. पण तो प्रश्न पडला याचाच अर्थ ऑटोमॅटिक अवजड गाडी ही वेगळी गाडी आहे आणि तिचं वेगळं शिक्षण, वेगळी परीक्षा हवी. दोन पायांच्या ड्रायव्हरलाही. म्हणजे मी जे मागतोय ते दादासाठी केलेली सूट नाही, ते तुमच्या पोराबाळांच्याही भल्याचं आहे.

दुसरं, आज सुरक्षितता कशी तपासतात ते बघा. लायसनच्या अर्जाबरोबर एक फॉर्म असतो. त्यात विचारतात की हात किंवा पाय गमावलाय का, हातापायाच्या ताकदीत काही दोष आहे का. हो की नाही, टिक करा. ट्रान्सपोर्टच्या लायसनला डॉक्टरचा दाखला लागतो, तो कसा आणि कितीला मिळतो हे ज्याने काढलाय त्याला मी काय सांगू. दादाला एका एजंटाने सरळ सल्ला दिला, "फुल पँट घालून या, बाकी मी बघतो." दादा उठून आला. मला म्हणाला, "खोटं बोलून गाडी चालवली आणि समोरच्याच्या चुकीने जरी काही झालं, तरी विमावाला हात वर करणार. मालक रस्त्यावर येणार. माझ्यामुळे त्याचं घर का बुडवू?"

नीट विचार करा यावर. आजच्या पद्धतीत खोटं बोलणारा ट्रकवर बसतो आणि खरं बोलणारा घरी. ही तुमची सुरक्षितता. डुलक्या काढणारा, अधू नजरेचा, सोळा तास सलग गाडी चालवणारा ड्रायव्हर दोन पाय आहेत म्हणून पास. विम्याची भीतीही खरी आहे, कारण वैध लायसन नसलेला माणूस गाडीवर होता ही बाजू विमा कंपनीला कायद्यानेच दिलेली आहे. मालक घाबरतो तो दादाच्या पायाला नाही, त्या कलमाला.

६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने रंभादेवी खटल्यात सांगितलं की हलक्या मोटार वाहनाचं लायसन असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचं परिवहन वाहन चालवता येईल, वेगळी नोंद लागणार नाही. लाखो टेम्पोवाल्यांचा जीव भांड्यात पडला. आम्हालाही क्षणभर वाटलं, सुटलो. ट्रक नाही तर नाही, टेम्पो तरी. पण तो निकाल 'हलकं मोटार वाहन' या वर्गाचा. 'अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल' हा वर्ग वेगळा. आलं परत शेपूट आडवं.

बाहेर काय करतात? अमेरिकेत हात किंवा पाय गमावलेल्या ट्रकड्रायव्हरसाठी एक खास प्रमाणपत्र आहे. माणूस आपला कृत्रिम अवयव लावून येतो, प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवतो, जमलं तर जास्तीत जास्त दोन वर्षांचं प्रमाणपत्र, मग पुन्हा तपासणी. ऑटोमॅटिक ट्रकवर परीक्षा दिली तर लायसनवर तशी खूण येते, गिअरचा ट्रक चालवायचा नाही. ब्रिटनमध्ये लायसनच्या मागे आकडे असतात, ७८ म्हणजे फक्त ऑटोमॅटिक. ब्रेकमध्ये फेरफार हवा तर वेगळा आकडा, अ‍ॅक्सिलरेटरमध्ये हवा तर वेगळा. माणसाला काय येत नाही एवढंच लिहून थांबत नाहीत, कुठल्या गाडीत त्याला येतं तेही लिहितात.

आपल्याकडे यासाठी आकाश-पाताळ एक करायची गरज नाही. कलम १० मध्येच शेवटचा एक वर्ग आहे, 'विशिष्ट वर्णनाचं मोटार वाहन'. कायदा करणाऱ्यांनी स्वतःच ठेवलेली ही खिडकी आहे. वर्णन लिहा की. 'ऑटोमॅटिक गिअरचं परिवहन वाहन, इतक्या वजनापर्यंत.' स्कूटरला गिअर आहे की नाही हे ज्या कायद्याला कळतं, त्याला ट्रकचं का कळू नये?

तेव्हा मागण्या चारच. एक, 'केवळ त्या व्यक्तीसाठीच' हे शेपूट कापा. दोन, ऑटोमॅटिक परिवहन वाहनाचा वेगळा वर्ग करा आणि त्याची परीक्षा सगळ्यांना लावा. तीन, अवयव गमावलेल्या ड्रायव्हरची परीक्षा डॉक्टर आणि मोटार वाहन निरीक्षकाने मिळून, प्रत्यक्ष त्याच प्रकारच्या गाडीवर घ्यावी. अचानक ब्रेक, घाट, भरलेली गाडी, सगळं. दर दोन वर्षांनी पुन्हा घ्या, तक्रार नाही. चार, हा कागद असलेला माणूस गाडीवर होता एवढ्यावरून विमा कंपनीला अंग काढता येऊ नये, आणि तो कामावर परतला म्हणून त्याची नुकसानभरपाईही कोणी कमी करू नये.

ताडपत्री बांधायला, मालावर चढायला, टायर बदलायला कोण, असंही एकाने विचारलं. अहो, आपल्याकडे लांबच्या गाडीवर क्लीनर असतो! अमेरिकेतला ड्रायव्हर एकटा जातो, तरी तिथे जमतं. इथे शेजारी दुसरा माणूस बसलेला असताना जमणार नाही म्हणता?

प्रत्येकाला जमेल असं माझं म्हणणं नाही. मांडीपासून पाय गेलेल्याला भरल्या ट्रकच्या केबिनमध्ये चढणंच कठीण जाईल, उजवा पाय गेलेल्याला डाव्या पायाचा अ‍ॅक्सिलरेटर लावून नव्याने शिकावं लागेल. काहीजण नापास होतील. होऊ देत.

आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, हाजीअलीला, १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था आहे. सरकार तिथे माणसाला पाय बसवतं, त्याच्यावर चालायला शिकवतं. नावातच पुनर्वसन. आणि तोच माणूस त्या पायाने चालत सरकारच्याच दुसऱ्या खिडकीवर गेला की तिथे त्याच्यासाठी अर्जच छापलेला नाही. निदान दोन्ही खिडक्यांनी एकमेकींशी बोलावं.

दादा नापास झाला तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही, तोही काढणार नाही. पण आधी परीक्षा तर घ्या.